इंजिन नवं बांधलं, तरी जेट स्की चालू होईना

आपल्याकडं जेट स्कीचा मिस्त्री शोधायला पार मुंबई-गोव्याकडं बघावं लागतं. पण जुनी टू-स्ट्रोक कार्बोरेटरची असेल, तर राजदूत किंवा आरएक्स-१०० खोलणारा पैठण-जालन्याचा मिस्त्रीही निम्मं काम उरकतो.

आधी बॅटरी. स्टार्टर फिरताना व्होल्टेज ९.५च्या खाली जात असेल तर बाकी काही खोलू नका. मग स्पार्क. प्लग काढून त्याच्या वायरीच्या कॅपमध्ये बसवा, इंजिनाला टेकवूनच फिरवा. हवेत लोंबकळत ठेवला तर सीडीआय (स्पार्क देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतो. किलस्विचची दोरी (चालवणारा पडला की इंजिन बंद करणारी) अडकवलीय ना? हसू नका, निम्म्या वेळा तीच निघते.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, थ्रॉटल पूर्ण उघडून मोजा. दोन्ही सिलिंडरमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. कमी आलं तर चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा. नव्या रिंगा अजून सिलिंडरला घासून नीट बसलेल्या नसतात.

खरी गोम पेट्रोलमध्ये. पंप क्रँककेसमधल्या (इंजिनाच्या खालच्या पेटीतल्या) दाबाच्या ठोक्यांवर चालतो. जोडणीत ती पल्सची नळी निसटली किंवा गॅस्केटनं तिचं भोक झाकलं, की पेट्रोल वर चढतच नाही. सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल टाकल्यावर दोन सेकंद चालून बंद पडली, तर इथंच बघा. नव्वदच्या दशकातल्या काही मॉडेलांच्या राखाडी नळ्या आतून विरघळतात; कार्बोरेटरच्या जाळीवर हिरवा चिकटा दिसला की सगळ्या नळ्या बदला.

स्पार्क, पेट्रोल, कॉम्प्रेशन सगळं ठीक, तरी उलटा भडका मारते? फ्लायव्हील काढा, त्याला शाफ्टवर जागच्या जागी धरणारी छोटी चावी (की) कापली गेली असणार.