वन्संची डबी

काल वन्सं आल्या होत्या. जाताना टेबलावर एक डबी ठेवून गेल्या. पांढरी, प्लास्टिकची, वर लेबल वगैरे काही नाही. "सकाळ-संध्याकाळ अर्धा चमचा, कोमट पाण्यातून घे. मुळापासून जातं म्हणतात." मी नेहमीसारखं "बरं" म्हटलं आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

यात नवीन काहीच नाही खरं तर. आमवात म्हटलं की प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी खडखडीत बरं झालेलं असतंच. त्या बऱ्या झालेल्यांपैकी एकही मला अजून प्रत्यक्ष भेटलेलं नाही, पण आहेत म्हणे. एरवी मी हसून सोडून देते. काल सोडता आलं नाही. डबी बघून राग आला असता तर एक वेळ समजलं असतं. राग आला नाही. डबी मला हवीशी वाटली, आणि तेच टोचतंय.

अडाणी नाही मी. आमवाताची गोळी, मेथोट्रेक्झेट, आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, हे पाठ आहे. तिचा गुण यायला दीड-दोन महिने, कधी तीनही लागतात. तोंड येऊ नये म्हणून फॉलिक अ‍ॅसिड, यकृतावर नजर ठेवायला एसजीपीटी, रक्तपेशींवर ठेवायला सीबीसी, अशा रक्ताच्या तपासण्या. मुळात मेथोट्रेक्झेट हे कर्करोगाचं औषध, म्हणून पहिल्यांदा माहितीपत्रक वाचलं तेव्हा हात थरथरला होता. मग कळलं की आपला डोस त्याच्या कितीतरी पट कमी, आणि अमेरिकेत आमवातासाठी त्याला १९८८ पासून मान्यता आहे. सगळं कळतं. तरी गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळत असताना, सकाळी बोटं लाकडासारखी झालेली असताना, शर्टाचं एक बटण लावायला घाम फुटत असताना त्या कळण्याचं काय करायचं?

डॉक्टर चांगल्या आहेत. रिपोर्ट बघतात, सांधे दाबून बघतात आणि म्हणतात, "कंट्रोलमध्ये आहे." छान आहे ते. पण "बरी होशील" हे त्या कधीच म्हणणार नाहीत, कारण त्या खोटं बोलत नाहीत. वन्संनी ते एका वाक्यात, चप्पल घालता घालता म्हणून टाकलं. मला त्या पुडीचा मोह नाही, त्या वाक्याचा आहे. इतक्या वर्षांनी कुणीतरी म्हणालं की हे जाईल! आईची बोटं शेवटी कशी झाली होती ते... जाऊ दे. आणि नवरा तर काही बोललाच नाही, नुसता डबीकडे बघत बसला. त्यावर पुन्हा कधीतरी.

रात्री नको ते वाचत बसले. फिलिप हेंच या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली आमवाताने जखडलेल्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि थोड्याच दिवसांत ती चालायला लागली. जादूच. १९५० साली नोबेलही मिळालं. मग हळूहळू बाकीचं दिसायला लागलं. चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते आणि औषध थांबवलं की दुखणं उसळी मारून परत येतं. अशा बिनलेबलच्या पुड्यांमध्ये पुष्कळदा याच जातीचं स्टेरॉइड गुपचूप मिसळलेलं सापडलंय. दोन दिवसांत आराम पडला तर आनंद मानायच्या आधी संशय घ्यावा, तो यासाठी. आणि स्टेरॉइड नसून नुसती गुळवेल असली तरी तिनेही यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. माझ्या यकृताला आधीच एक पाहुणा पुरे आहे. पण एक मात्र वाटलं. १९४८ साली भले भले डॉक्टर हुरळून गेले होते, तिथे आमच्या वन्संना कोणत्या तोंडाने बोलू?

शिवाय हा आजार स्वतःच लबाड. आपणहून चढतो, आपणहून उतरतो. माणूस नवीन काही सुरू करतो ते नेमकं अगदी असह्य झाल्यावर, म्हणजे तसाही उतार लागायच्या बेतात असताना. मग श्रेय शेवटच्या पुडीला. वन्संच्या ओळखीतल्या त्या बाई बहुतेक अशाच बऱ्या झाल्या असणार.

एवढं सगळं वाचूनही सकाळी उठून मी डबी हातात घेतलीच. नुसतं बघावं म्हणून. आणि झाकण उघडेना! बोटं धड वळतच नव्हती. टेबलाच्या कडेला धरून पिळलं, फडक्याने पिळलं, शेवटी घाम पुसत खुर्चीत बसले आणि एकटीच फिदीफिदी हसायला लागले. आमवाताचं औषध, आणि ते उघडायला आमवात नसलेला माणूस पाहिजे. याला हाक मारून उघडून घेता आलं असतं. नाही मारली.

दुपारी डबी कपाटात मागे सारली. फेकून द्यायला मन झालं नाही, पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून घातले असणार. पुढच्या वेळी आल्या की म्हणेन, वन्सं, ते राहू द्या, मनगटांना जरा तेल चोळून द्या. डॉक्टरांची त्याला ना नाही, बरंही वाटतं, आणि त्यांनाही आपण काहीतरी केलं असं वाटेल. पुडीचं विचारलंच तर सांगेन, पुढचा रिपोर्ट येऊ दे, मग बघू. माझे रिपोर्ट काही संपणारे नाहीत, तेव्हा हे उत्तर बरीच वर्षं पुरेल.

उद्या गोळीचा दिवस. परवा मळमळ. वन्संना फोन तेरवा करेन.