सिलिंडर बंद केल्यावर उरते ते

पेटंटच्या एका सुनावणीत मला विचारलेला प्रश्न आजही, नवा अर्ज लिहायला बसले की, सर्वांत आधी आठवतो. अर्ज वसईच्या औद्योगिक वसाहतीत निर्वात यंत्रे बनवणाऱ्या एका छोट्या कारखानदाराचा होता आणि विषय होता सिलिकॉनच्या वेफरवर, म्हणजे ज्यावर चिप घडवतात त्या पातळ चकतीवर, वायूंच्या साहाय्याने पातळ थर चढवण्याचे यंत्र. अर्ज प्रसिद्ध होऊन मंजूरही झाल्यामुळे त्याची कागदपत्रे आता कोणालाही पाहता येतात. तरीही नावे देत नाही, कारण ज्या चुकीबद्दल लिहायचे आहे ती सर्वस्वी माझी, त्यांच्या पेटंट एजंटची, होती.

आधी यंत्राविषयी. निर्वात चेंबरमधल्या तापलेल्या हीटरवर वेफर ठेवतात आणि वरच्या शॉवरहेडमधून, म्हणजे झारीसारख्या छिद्रे असलेल्या तबकडीतून, धातूच्या संयुगाची वाफ सोडतात. ती वेफरच्या पृष्ठभागाला चिकटली की उरलेली वाफ नायट्रोजनने बाहेर काढतात. मग दुसरा वायू सोडला की पृष्ठभागावर अभिक्रिया होऊन अत्यंत पातळ पदर तयार होतो. ट्रायमिथाइल ॲल्युमिनियम आणि पाण्याची वाफ अशी आळीपाळीने सोडली, तर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर एका आवर्तनाला सुमारे ०.१ नॅनोमीटर वाढतो. फिनलंडमध्ये तुओमो सुन्तोला यांनी ही पद्धत १९७४ पासून विकसित केली, तेव्हा त्या मूळ कल्पनेवर आज कोणालाच हक्क सांगता येणार नाही. आमच्या अर्जदाराची अडचण वेगळी होती. वाफ वेफरच्या कडेवरून खाली शिरते, मागच्या बाजूला नको तिथे थर चढतो, पुढे त्याचे कपचे निघतात आणि एवढासा कण पडला तरी चिप वाया जाते. म्हणून वेफरभोवती स्टीलची रिंग बसवून, रिंग आणि वेफर यांच्यामधल्या फटीतून खालून नायट्रोजन सोडायचा, म्हणजे वाफेला आत शिरायला वाव राहत नाही.

मी पहिला क्लेम, म्हणजे पेटंटने नेमका कशावर हक्क मागायचा ते सांगणारे कलमवजा वाक्य, लिहिला तो याच कल्पनेवर. कडेने नायट्रोजन अमुक प्रमाणात सोडला जातो, तो ॲल्युमिनियमयुक्त वाफेला अडवतो, प्रवाह अमुक मर्यादेत ठेवला जातो, असे सगळे त्यात होते. परीक्षण अहवालात दोन जुनी परदेशी पेटंटे पुढे ठेवली गेली. पहिल्यात कडेने वायू सोडणारी रिंग होती आणि दुसऱ्यात आमच्यासारखेच शॉवरहेड. आक्षेपही दोनच होते. पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) प्रमाणे यात कल्पक पाऊल, म्हणजे जाणकाराला सहज सुचणार नाही असे काही, नाही आणि कलम ३(एफ) प्रमाणे ही ज्ञात उपकरणांची केवळ मांडणी आहे. उत्तरात मी प्रवाहाच्या आकड्यांवर पाने भरली होती.

सुनावणी जुलैत होती. पूर्वी अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात जावे लागे, आता बहुतेक सुनावण्या व्हिडिओवर होतात, म्हणून अर्जदार सकाळच्या लोकलने चर्चगेटला उतरून फोर्टमधल्या आमच्या कार्यालयात आले. पावसात भिजू नयेत म्हणून त्यांनी दोन रिंगा प्लास्टिकमध्ये आणि वर टॉवेलमध्ये गुंडाळून आणल्या होत्या. मी म्हटले, ‘‘साहेब, याची गरज नव्हती, आपल्याला कागदावरच बोलायचे आहे.’’ त्यांनी काही न बोलता त्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवल्या.

दहा मिनिटे मी प्रवाहाविषयी बोलले. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘मॅडम, सिलिंडर बंद करा. सगळे वायू बंद. आता तुमच्या यंत्रात आणि पहिल्या पेटंटमधल्या यंत्रात फरक कोणता उरला ते सांगा.’’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. प्रश्न अत्यंत न्याय्य होता. क्लेम यंत्राचा असेल तर यंत्र कसे घडवले आहे ते सांगायला हवे. त्यातून कोणता वायू किती वेगाने सोडायचा, ही ते चालवणाऱ्याची निवड झाली. जुने यंत्र तसेच ठेवून फक्त व्हॉल्व्ह वेगळा फिरवला, म्हणून ते नवे यंत्र होत नाही.

मी अर्जदाराकडे पाहिले, तोवर त्यांनी टॉवेल सोडला होता. पहिली रिंग जुन्या रचनेची, एका बाजूला स्क्रूने घट्ट बसवलेली होती. शेकडो आवर्तनांच्या थराने तिच्यावर मोरपिशी, जांभळट रंग चढले होते आणि आतल्या काठाला, जिथे नायट्रोजनने वाफेला येऊ दिले नव्हते, तिथे उघड्या स्टीलची पट्टी चमकत होती. ती पट्टी एका बाजूला बोटभर रुंद होती, विरुद्ध बाजूला जवळजवळ नाहीशी झाली होती. दुसरी रिंग नव्या रचनेची. तिच्यावरची पट्टी सगळीकडे सारखी होती, कंपासने आखल्यासारखी. त्यांनी ती उलटी केली. खालच्या अंगाला केंद्राकडे रोख असलेल्या तीन लांबट खाचा होत्या आणि हीटरवरच्या तीन पिना त्यांत सरकून सरकून खाचांच्या भिंतींना झिलई आली होती.

स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या शोधाच्या सविस्तर वर्णनात, या खाचांवर एकच वाक्य होते आणि चौथी आकृती होती. ती आकृती घालण्याचा आग्रह त्यांचा होता. मी तिला बसवणीचा किरकोळ तपशील समजून एकाही क्लेममध्ये घेतले नव्हते.

स्टील आणि सिलिकॉन सारखे प्रसरण पावत नाहीत. २०० मिलिमीटर व्यासाची स्टेनलेस स्टीलची रिंग ३०० अंशांनी तापली की तिचा व्यास सुमारे १ मिलिमीटरने वाढतो, सिलिकॉनचा जेमतेम त्याच्या पाचव्या हिश्शाने. रिंग एका बाजूला जखडली असेल तर ती सगळी वाढ विरुद्ध बाजूला जाते, रिंगचे केंद्र सरकते, फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे अरुंद होते. रुंद फटीतून नायट्रोजन सहज निसटतो, अरुंद बाजूला तो मंदावतो आणि तिथून वाफ आत शिरते. खाचा केंद्राकडे रोखलेल्या असल्या की रिंग मोकळेपणी वाढते, पण तिचे केंद्र जागचे हलत नाही. फट थोडी वाढली तरी सगळीकडे सारखीच वाढते आणि नायट्रोजनही सारखा वाटला जातो. सिलिंडर बंद केल्यावरही यंत्रात उरणारी गोष्ट हीच होती.

हे मी तिथेच, बरेच अडखळत, सांगितले आणि दोन्ही रिंगा कॅमेऱ्यासमोर धरल्या. अधिकाऱ्यांनी निर्णय दिला नाही, देणे अपेक्षितही नव्हते. लेखी निवेदनाला नियमाप्रमाणे पंधरा दिवस होते आणि कलम ५९ च्या मर्यादेत क्लेम आखडता घेण्याची मुभा होती.

त्या पंधरा दिवसांत पहिल्या क्लेममधून मी सगळ्या वायूंची नावे काढली. अर्जदारांना ते पटेना. ‘‘मॅडम, वायूचे नावच गेले तर हे थर चढवायचे यंत्र राहील का?’’ असे त्यांनी फोनवर विचारले. मी म्हटले, ‘‘साहेब, तुमचे यंत्र वसईत ट्रकवर चढते तेव्हा त्यात वायू असतो का? उद्या कोणी नक्कल करून विकली, तर तिच्यातही नसेल. पेटंटने पकडायचे आहे ते ट्रकवरचे यंत्र.’’ वायू येण्याचा मार्ग, फट, रिंग, खाचा, पिना हे सगळे लोखंडात दाखवता येते, तेवढेच ठेवले.

कलम ३(एफ) ला उत्तर देताना सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या विश्वनाथ प्रसाद राधेश्याम निकालाचा आधार घेतला. तो खटला लेथवर भांडी धरण्याच्या साधनाचा होता आणि ती कारागिराने सहज केली असती एवढीच सुधारणा ठरून पेटंट टिकले नव्हते, म्हणजे निकाल वरवर पाहता आमच्या विरुद्धच जातो. पण जुनेच भाग परस्परांवर अवलंबून काम करून सुधारित परिणाम साधत असतील तर ते पेटंटयोग्य ठरू शकतात, हेही त्याच निकालात आहे. आमच्या यंत्रात खाचांवाचून फट सारखी राहत नाही आणि सारख्या फटीवाचून नायट्रोजन वाफेला अडवत नाही. असे तीन खाचांवर बसलेले आधार इतर उपकरणांत वापरात आहेत, हे मी लपवले नाही. परंतु दोन्ही जुन्या पेटंटांत रिंग तापल्यावर कुठे सरकते हा प्रश्नच उपस्थित झालेला नाही, तेव्हा त्यांवरून हे उत्तर सुचेल कसे, हा मुद्दा मी दोन्ही रिंगांच्या छायाचित्रांसह मांडला.

चार महिन्यांनी पेटंट मंजूर झाले. ‘किमान तीन खाचा’ असे मी लिहिले होते, त्यातला ‘किमान’ मात्र मान्य झाला नाही, कारण मूळ स्पेसिफिकेशनमध्ये तीनच खाचा दाखवल्या होत्या आणि त्यात नसलेले नंतर जोडता येत नाही. आदेश वाचून दाखवला तेव्हा अर्जदारांनी एवढेच सांगितले की ३०० मिलिमीटरच्या वेफरसाठी ते सध्या चार खाचांची रिंग करून पाहत आहेत. त्या रिंगेचे ड्रॉइंग ते दुसऱ्याच दिवशी घेऊन आले आणि आम्ही नवा अर्ज लिहायला बसलो.