पॅरिसले कोन येईन

परवा आईसोबत आमच्या नागपूरच्या बर्डीवर, बाजारात, गेली होती, साडेसहाशेची कुर्ती घासाघीस करून साडेतीनशेला आणली, आणि घरी येऊन बघते तर मानेजवळ लेबल, सोनेरी धाग्यानं इंग्रजी अक्षरात 'पॅरिसिएन'. आईनं चष्मा लावून वाचलं 'पॅरिस येन' आणि म्हणे, "पॅरिसले कोन येईन बाप्पा, आम्ही इथंच बरे!"

शब्द फ्रेंच आहे. पॅरिसचा माणूस तो पारिझियाँ, बाई ती पारिझिएन, आपलं पुणेकर-पुणेकरीण तसंच. पण पुरुषवाला शब्द कोणी कुर्तीवर लावत नाही ना, भाव आहे तो फक्त बाईवाल्याला. आणि हे काही आजचं नाही. रेनुआर या फ्रेंच चित्रकारानं १८७४ मध्ये निळ्या झग्यातली एक बाई रंगवली, ती खरं तर नटी होती, आंरिएत आंरियो, पण चित्राला नाव तिचं नाही दिलं, 'ला पारिझिएन' दिलं. १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात तर मेन गेटवरच या नावाचा भलामोठा पुतळा चढवला, त्याचे कपडे झान पाकँ या त्या काळच्या नामी फॅशनवालीचे, आणि लोकांनी त्याला नावंही ठेवली भरपूर. सगळ्यात कहर म्हणजे ग्रीसच्या क्रीट बेटावर क्नोसॉसच्या राजवाड्यात सापडलेलं एक भित्तिचित्र, सव्वातीन-साडेतीन हजार वर्षं जुनं, मोठे डोळे, लाल ओठ, कपाळावर बट. तिचंही नाव पारिझिएन पाडलं! बिचारीनं पॅरिसचं नावही ऐकलं नसेल.

आणि आमचं 'नागपुरी'? म्हटलं की पहिले संत्रं, मग सावजी, मग वडाभात, बाईचा नंबरच नाही लागत. लागला तरी चित्र काढणार कशाचं, मे महिन्यात दुपट्टा कपाळावरून घेऊन नाकावरून फिरवून मागे गच्च गाठ, वर गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे, पांढरा सनकोट. मागच्या उन्हाळ्यात शंकरनगर चौकात सिग्नलला बाजूची गाडीवाली ओरडली, "काहून वं, वळखत नाही का?" मी नुसती बघतच राहिली, मग गाडीचा नंबर दिसला तेव्हा समजलं, मावशी आहे!

लेबल मानेला टोचून राहिलं होतं, आईनं ब्लेडनं उसवून टाकलं. कुर्ती मस्त आहे पण, कॉटन आहे, सनकोटच्या आत घालायला बरी.