दोन उतारे, एक माळढोक

माझी शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. तिसरीच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड. एक मराठी उतारा धड वाचून होईना, त्यात एकाच विषयावरचे दोन वाचून त्यांची तुलना कसली करायला लावता, असं एका सहकारी बाईंनी विचारलं. मला मात्र ते तिसरीतच हवं होतं. नेहमी एकच धडा वाचणाऱ्या मुलाला वाटतं, छापलंय म्हणजे तेच आणि तेवढंच खरं. ही समजूत एकदा घट्ट झाली की सातवी-आठवीत निघता निघत नाही.

विषय माळढोक पक्ष्याचा घेतला, कारण नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्यापासून बार्शी रस्त्याला वीसेक किलोमीटरवर. दोन्ही उतारे मीच लिहिले, आठ-आठ ओळींचे. पहिल्यात पक्ष्याची ओळख, चित्र आणि पूर्वीची हकीकत. दुसरा बातमीसारखा, नकाशासकट.

पहिला दिवस पार फसला. फळ्यावर ‘साम्य’ आणि ‘फरक’ असे दोन रकाने आखले आणि म्हटलं, भरा. एक मुलगा म्हणाला, “बाई, दोन्हीत माळढोकच हाय की.” बाकीच्यांनी ओळीच्या ओळी उतरवून काढल्या. चूक माझी होती. अख्ख्या उताऱ्यासमोर अख्खा उतारा ठेवला तर आठ वर्षांच्या मुलानं पकडायचं काय?

दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न दिला: माळढोकाचं वजन किती? पहिल्या उताऱ्यातलं उत्तर निळ्या पेन्सिलीनं अधोरेखित करायचं, दुसऱ्यातलं लाल. पाच मिनिटांत वर्गात गलका. पहिल्यात १५ किलोपर्यंत, दुसऱ्यात ६ किलो! “दुसरा खोटा हाय,” असा निकाल मागच्या बाकावरून आलासुद्धा. मी एवढंच म्हटलं, आकड्याच्या आधीचा शब्द बघा. तेव्हा घरी तेलुगू बोलणारी, वर्गात एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी बोट ठेवून म्हणाली, “हितं नर लिहिलंय, हितं मादी.” माळढोकाचा नर मादीच्या दुपटीहूनही जड भरतो. दोन्ही उतारे खरे होते, फक्त बोलत होते वेगवेगळ्या पक्ष्याबद्दल. त्या दिवसापासून आमच्या वर्गात आकडे जुळले नाहीत की कुणी ना कुणी विचारतं, “कुणाचं?”

अभयारण्याच्या आकारावरून दुसरं भांडण झालं. एका उताऱ्यात सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर, दुसऱ्यात १,२२२. इथे नर-मादीची युक्ती चालेना. मग कुणीतरी पहिल्यातलं ‘१९७९’ वाचलं. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याची हद्द प्रचंड होती, गावंच्या गावं त्यात होती. पुढे ती कमी केली. म्हणजे ‘कुणाचं?’च्या जोडीला ‘कधीचं?’ हा प्रश्न आला. एवढे दोन प्रश्न तिसरीला पुष्कळ आहेत, असं माझं मत आहे. ‘लेखकाचा दृष्टिकोन’ वगैरे शब्द त्यांच्यापुढे टाकण्याची मला घाई नाही.

पक्षी कमी का झाले, यासाठी वर्गाच्या फरशीवर दोरीचे दोन मोठे गोल मांडले, एकमेकांवर थोडे चढवलेले. चिठ्ठ्यांवर कारणं लिहिली आणि मुलांनी ती जागेवर ठेवायची. ‘शिकार’ फक्त पहिल्या गोलात. ‘विजेच्या तारा’ फक्त दुसऱ्यात. ‘माळरान कमी झालं’ मधल्या जागेत, कारण ते दोन्हीत होतं. ती मधली जागा मुलांना फार आवडली. ठेवताना तेलुगूत वाद चालला होता, मी तो चालू दिला. चिठ्ठी कुठे जाते ते कळलं म्हणजे झालं, वाद कुठल्या भाषेत घातला याला महत्त्व नाही.

तारांचं कोडं मात्र सुटेना. एवढा मोठा पक्षी, त्याला तार दिसत नाही? माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे समोरचं कमी दिसतं. त्यात अंग जड, ऐन वेळी वळता येत नाही. एवढं दुसऱ्या उताऱ्यात नव्हतं, ते मला सांगावं लागलं. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, हे पहिल्या उताऱ्यात होतं. एका मुलीनं दोन्ही जोडलं: “मग एक मेला तर भरून कधी निघणार?” हे कुठल्याच उताऱ्यात लिहिलेलं नव्हतं. मला त्या क्षणी भरून आलं. आपण ज्याला पडीक माळ म्हणून हात झटकतो, त्या माळाची काळजी ही पोर दोन कागद शेजारी ठेवून करत होती.

शेवटी विचारलं, दोन्हीत नसलेलं काय? बराच वेळ शांतता. मग पहिल्या दिवशी ‘दोन्हीत माळढोकच हाय की’ म्हणणारा तोच मुलगा उठला. “बाई, ओरडतो कसा, ते कुठंच नाय.”

घरी जाऊन शोधलं आणि दुसऱ्या दिवशी चार ओळींचा तिसरा उतारा नेला. विणीच्या काळात नर गळ्याची पिशवी फुगवतो आणि खोल, घुमणारा आवाज काढतो. वाचून संपायच्या आत चाळीस माळढोक घुमायला लागले आणि शेजारच्या वर्गातल्या बाई काय झालं ते बघायला दारात येऊन उभ्या राहिल्या.