देवगड ते तेरेखोल, पायी: तिथी बघून निघा

पौष वद्य द्वितीयेला आम्ही देवगडहून किनाऱ्याकिनाऱ्याने तेरेखोलकडे निघालो, सहा दिवसांची वाट. मुहूर्त काढून नव्हे, भरती-ओहोटी बघून. या वाटेवर तारीख निवडणं हे अर्धं काम आहे आणि बहुतेक लोक तिथेच चुकतात. शनिवार-रविवार जोडून सुट्टी मिळाली की निघतात आणि मग ऐन सकाळी पुळण (वाळूचा किनारा) पाण्याखाली गेलेली बघून डोक्याला हात लावतात.

हिशेब सोपा आहे, किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. तिथीचा पाऊणपट केला की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. हा ढोबळ हिशेब. दक्षिणेकडे जावं तशी वेळ मुंबईपेक्षा थोडी आधी लागते, म्हणून छापील तक्ताही जवळ ठेवावा. पण सहा दिवसांचा आराखडा घरबसल्या करायला कालनिर्णय पुरतं. पौर्णिमा किंवा अमावास्या उलटली की ओहोटी सकाळी साडेसातच्या आसपास येते आणि रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. द्वितीयेला निघालात तर सप्तमीपर्यंत रोज सकाळी ओली, टणक, रुंद वाळू तुमची. त्यातही वद्य पक्ष घ्या. पहाटे निघताना चंद्र आकाशात असतो, टॉर्च लावावी लागत नाही. टॉर्च न लावण्याचं आणखी एक कारण आहे, ते पुढे येईल.

आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि नणंद. तिघांनीही सह्याद्रीत बरीच पायपीट केलेली. राजगड-तोरणा-रायगड, अलंग-मदन-कुलंग, पाठीवर पंधरा किलो घेऊन दिवसाला पंचवीस किलोमीटर, हे सगळं झालेलं. त्यामुळे किनारा म्हणजे सपाटच की, अशी एक गुर्मी होती. ती दुसऱ्या दिवशी दुपारी उतरली.

सपाट नसतो हो किनारा. पुळण समुद्राकडे उतरती असते. उत्तरेकडून दक्षिणेला चालताना समुद्र कायम उजव्या हाताला, म्हणजे उजवा पाय सहा दिवस खाली आणि डावा वर. घाटात चढ-उतार बदलत राहतो, इथे एकच तिरकेपणा तासन्‌तास. नवऱ्याचा डावा खुबा दुसऱ्या दिवशी इतका धरला की तो दर तासाला पाच मिनिटं उलटा, पाठमोरा चालायला लागला. उपाय रामबाण, फक्त गावातली कुत्री त्याच्यावर फार भुंकायची. पाणी नुकतंच ओसरलेला पट्टा सगळ्यात कमी तिरका असतो. तोच धरून चाला, कोरड्या वाळूत शिरू नका. कोरड्या वाळूतला एक किलोमीटर म्हणजे ओल्यातले दोन धरा.

घाटातले उंच जाड बूट घरी ठेवा. जाळीदार धावण्याचे बूटही नकोत, वाळू आत जाते आणि मिठाच्या पाण्यात मिळून कानस होते. घट्ट विणीचे हलके बूट एक माप मोठे, आणि पट्ट्याच्या सँडल. अनवाणी चालायचा मोह होतो, तो दिवसाला तासाभरापुरता ठेवा.

पहिले दोन दिवस

कणकवलीला रेल्वेने उतरून एसटीने देवगड. पहिल्या दिवशी तारामुंबरीचा पूल ओलांडून मिठमुंबरी, कुणकेश्वर, कातवण करत मिठबाव. कुणकेश्वराच्या देवळाखालची पुळण प्रसिद्धच आहे, तिथे फार सांगत नाही. मिठबावला गजबादेवीचं देऊळ समुद्रात घुसलेल्या टोकावर आहे. तिथून पुढची सगळी वाट दिसते, पुढच्या खाडीचं मुखही. खाडीचा अंदाज असा आदल्या संध्याकाळी उंचावरून घ्यावा. वाळूचा दांडा कुठे आहे, पाणी कुठून वाहतं, हे खाली उभं राहिल्यावर कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मिठबाव-मुणगे-आचरा. अंतर कमी, पण हा दिवस मला सगळ्यात जड गेला. खाडीवर होडी मिळाली नाही म्हणून आत रस्त्याच्या पुलापर्यंत वळसा, आणि मग सडा. जांभ्याचा कातळ, झाड नाही, जानेवारीतही दहानंतर पाय भाजतात. मध्येमध्ये हापूसच्या बागा. मोहोर आलेला, फवारण्या चालू. बागेतून वाट दिसली तरी गडगा (दगडी बांध) ओलांडून परस्पर शिरू नका. राखणदाराला हाक मारा, बहुतेक जण नेपाळी असतात, हिंदीत बोला. आम्हाला एकाने वाट दाखवलीच, वर पंपाचं थंड पाणी दिलं. फवारणी चालू असेल तर मात्र लांबूनच जा. माणशी तीन लिटर पाणी या एकाच दिवशी लागतं, इतर दिवशी गावं जवळजवळ आहेत.

आचऱ्याला मुक्काम ठरवताना एक चौकशी करा. इथे दर काही वर्षांनी गावपळण असते. सगळं गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. आजूबाजूच्या काही गावांतही ही प्रथा आहे. नेमके तेव्हा पोचलात तर पेजेलाही कोणी विचारणार नाही, कारण विचारायला कोणी नसेलच.

तळाशीलची होडी

तिसरा दिवस या वाटेचा राजा. आचऱ्याच्या पिरावाडीपासून तोंडवळी आणि तळाशीलपर्यंत सलग पुळण. उजवीकडे समुद्र, डावीकडे सुरूचं बन आणि माड, त्यापलीकडे गड नदी. पुढे पुढे जमीन अरुंद होत जाते आणि तळाशीलला एका घराच्या पुढच्या दाराला समुद्र आणि मागच्या दाराला नदी अशी अवस्था येते.

तोंडवळीला उजाडताना रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणं चालू होतं. दोन दोरांना दोन रांगा, पंधरा-वीस माणसं, कमरेला दोर अडकवून पाठमोरी मागे सरकणारी. मागचा माणूस दोर सोडून पुढे पाण्यापाशी जातो, पुन्हा अडकवतो, पुन्हा मागे. कोणी ओरडत नाही, एक लय असते. आम्ही विचारून दोर धरला. बॅगा सहा तास वाहिल्या तरी दुखत नाहीत ते कमरेचे स्नायू दहा मिनिटांत बोलायला लागले. दोन्ही रांगा हळूहळू जवळ येतात, जाळ्याचं पोट वर येतं, आणि त्या दिवशी त्यात बांगडे थोडे आणि जेलीफिश पोतंभर. तरी एका म्हाताऱ्या काकांनी आमच्या डब्यात दोन मुठी पेडवे घातले. ओढलंत, मग वाटा घ्यायचा, एवढंच म्हणणं. मग विचारलं, "खंयसून इल्यात?"

"देवगडहून. चालत."

"वाटेत एस्टी गावाक नाय?" (एसटी मिळाली नाही का?)

तळाशीलच्या टोकाला पलीकडे सर्जेकोट दिसतो, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं. इथे पोहून किंवा चालत उतरायचा विचारही करू नका. ओहोटीच्या मध्यावर नदीचं पाणी आणि खाडीचं पाणी एकदम बाहेर निघतं, वरून शांत दिसतं. होडीवाल्याने आम्हाला अर्धा तास बसवलं. "पाणी आता भायर ओढता. वायच थांबा." सुकती पूर्ण झाली, पाणी ठरलं, तेव्हा पाच मिनिटांत नेऊन सोडलं. होडी ठरलेल्या वेळी असते असं समजू नका. मच्छीमार सकाळी जाळी सोडवून मोकळे होतात तेव्हा मिळते. आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी सांगून ठेवा, तेच फोन करतात. पैसे आधी ठरवा, सुटे आणि रोख ठेवा. होडी नाहीच मिळाली तर आतून मोठा वळसा आहे आणि तो दिवस खातो.

सर्जेकोटहून कोळंबच्या पुलाने मालवण. चिवला किनाऱ्यावर पोचलो तेव्हा भूक इतकी होती की पेडव्यांचा डबा सरळ खानावळीच्या मावशींच्या हातात दिला.

माझी चूक

चौथ्या दिवसाबद्दल लिहायला लाज वाटते, पण ज्यांना पुढे जायचं आहे त्यांच्यासाठी लिहिते. मालवणला आलोच आहोत तर सिंधुदुर्ग किल्ला बघू, हा हट्ट माझा. सकाळची ओहोटी किल्ल्यात गेली. निघालो अकराला. तारकर्ली, देवबाग, वाळू छान होती पण पट्टा अरुंद होत होता. देवबागच्या संगमावर पर्यटकांच्या होड्या असतात, त्यामुळे कर्ली नदी ओलांडून भोगव्याला जाणं सोपं गेलं. (होडी नको असेल तर नेरूरपारच्या पुलावरून गाडीने वळसा.) भोगव्याची पुळण संपली तेव्हा तीन वाजले होते आणि समोर निवतीचं टोक.

वरून पायवाट आहे, ते माहीत होतं. नणंद म्हणालीही, "वहिनी, पाणी चढतंय, वरून जाऊ." मी म्हटलं, तीनशे मीटर तर आहे, खडपावरून, म्हणजे खालच्या खडकांवरून, पटकन जाऊ. अर्ध्यात पोचलो आणि पुढची घळ पाण्याने भरलेली. मागे वळलो तर आलो तो खडकही ओला. लाट येऊन घोट्याला लागली, पुढची गुडघ्याला. नणंदेचा पाय शेवाळावर सटकला आणि नडगी कालवांवर (खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांवर) घासली गेली. कालवांची धार ब्लेडसारखी असते. शेवटी जांभ्याचे सुटे दगड आणि निवडुंग यांच्यातून वर चढलो. तीनशे मीटरला पाऊण तास. वर पायवाट होती, स्वच्छ, गुरं जातात अशी.

निवतीला ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंनी जखम बघितली, गरम पाणी आणलं आणि एवढंच विचारलं, "वरसून पायवाट आसताना खालसून कित्याक गेलात?" मी उत्तर दिलं नाही.

तेव्हा नियम असा: टोक आलं की वर चढायचं. ओहोटी संपायला किमान एक तास बाकी असेल आणि पलीकडची पुळण डोळ्यांनी दिसत असेल तरच खडपावरून. कालवांच्या जखमेत कवचाचे तुकडे राहतात, लगेच गोड्या पाण्याने, ब्रशने घासून धुवा. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे वाळूत बसलेलं पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच पळतं. काटा लागलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून दवाखाना गाठा.

शेवटचे दोन दिवस

निवती ते वेंगुर्ला आम्ही पाचला निघालो, शहाणपण आलं होतं. कोचरा, खवणे, केळूस, मग वायंगणी. या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, हिवाळ्यात घरट्यांभोवती जाळीचं कुंपण दिसतं. म्हणून पहाटे पांढरा टॉर्च नको. लागलाच तर लाल उजेड, तोही खाली पायाकडे. भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत तंबू आणि शेकोटीही नको. तशी गरजच पडत नाही, बहुतेक गावांत घरगुती राहायची सोय आहे. बायकांसाठी सांगते: गावात कुठल्याही घरी पाणी मागितलं की न्हाणीघरही मिळतं. पूर्ण वाटेवर मला कुठे असुरक्षित वाटलं नाही. निर्मनुष्य पट्ट्यांत मात्र तिघांनी एकत्रच राहायचं, हे ठरलं होतं.

सहावा दिवस लांब, आमच्या घड्याळात तेवीस किलोमीटर. वेंगुर्ल्याहून सागरेश्वर, मग मोचेमाड. तिथली नदी जाळं विणत बसलेल्या एकाला विचारून, त्याने दाखवलेल्या जागेवरून गुडघाभर पाण्यातून ओलांडली. विचारल्याशिवाय उतरू नका, वाळूचा दांडा दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो. मग आरवली, शिरोड्याचं वेळागर. शिरोड्याची मिठागरं म्हणजे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची जागा. आम्ही तिथे गेलो तेव्हा उन्हाने डोळे दिपत होते आणि सावलीला एक टपरी, एवढंच लक्षात आहे. रेडीला यशवंतगडाच्या तटावर वडाची मुळं चढलेली आहेत, तासभर द्यावा असा किल्ला. खनिजाच्या खाणीत १९७६ साली सापडलेला द्विभुज गणपतीही इथलाच. त्यानंतरचा भाग डांबरी रस्त्याचा, कंटाळवाणा.

तेरेखोलचा किल्ला नदीच्या अलीकडच्या काठावर आहे पण हद्द गोव्याची. पलीकडे केरीला फेरीबोट जाते. आमच्यापैकी कोणालाच पलीकडे जायची ताकद नव्हती. काठावर बसून बूट काढले, तर नवऱ्याच्या एका बुटातून इतकी वाळू निघाली की नणंद म्हणाली, दादा, ही देवगडची आहे, परत नेऊन दे.

परतीला रिक्षाने शिरोडा, तिथून एसटीने सावंतवाडी स्टेशन. संध्याकाळच्या गाडीचं आरक्षण त्याच दिवसाचं करू नका. एखादी होडी चुकली की सगळंच एक दिवस पुढे जातं.