आईला घेऊन सुशीच्या काउंटरवर, आणि घरी केलेलं मिझु-योकान

आई वेंगुर्ल्याहून आमच्याकडे तोक्योला आली, तेव्हाच मी ठरवलं होतं की तिला पट्ट्यावर फिरणाऱ्या बश्यांमधली नाही, तर समोर उभं राहून वळून देणाऱ्याच्या हातची सुशी खायला घालायची. आम्ही राहतो त्या निशि-कासाईत आपली माणसं पुष्कळ आहेत, पण अशा दुकानाचा पडदा बाजूला सारून आत जायला बहुतेकजण कचरतात. काय मागायचं, कसं खायचं, किती बिल होईल, या सगळ्याचंच दडपण.

खरं तर ते दडपण फोनवरच निम्मं उतरतं. किती जण येणार आणि काय चालत नाही, एवढं सांगून 'ओमाकासे' म्हणायचं, म्हणजे निवड आचाऱ्यावर सोडायची. दरही तेव्हाच विचारून घ्यावा. अत्तर लावून मात्र जाऊ नये, माशाचा आणि व्हिनेगरचा हलका वास त्यात मरतो.

माझा नवरा शाकाहारी, त्यामुळे तो घरीच थांबला. शाकाहाऱ्यांनी इथे एक लक्षात ठेवावं. काकडीचं काप्पामाकी चालतं, पण गोड तोफूच्या पिशवीतली इनारी किंवा कानप्योचा, म्हणजे सुकवलेल्या भोपळ्याच्या पट्ट्यांचा रोल दिसायला शाकाहारी असला तरी बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाच्या दाशीत, म्हणजे पातळ रश्श्यात शिजवलेला असतो. विचारूनच घ्या.

आईची खरी काळजी वेगळी होती. "कच्चो मासो पोटाक बाधात मा गो?" काळजी रास्त आहे. समुद्री माशात आनिसाकिस नावाची बारीक अळी असू शकते. मासा उणे 20 अंशांवर 24 तास गोठवला की ती मरते, व्हिनेगर किंवा वासाबीने मरत नाही. चांगले आचारी मासा साफ करताना डोळ्यांत तेल घालून बघतात. म्हणूनच बाजारातला मासा आणून घरी असले प्रयोग करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात पांढऱ्या, सौम्य माशाने झाली. तो हिरामे होता. आचाऱ्याने वरून ब्रशने सोया सॉसचा हात फिरवला होता, त्यामुळे वाटीत बुडवायची गरजच नव्हती. हाताने उचलून एका घासात खायचं. तोंडात टाकल्या टाकल्या आई म्हणाली, "भात कोमट आसा गो. थंड नाय." मला इतका आनंद झाला! कारण सगळी गोम त्या भातातच आहे. व्हिनेगर, मीठ आणि थोडी साखर लावलेला भात अंगाच्या उबेइतका कोमट ठेवतात आणि इतक्या हलक्या हाताने वळतात की उचलताना सुटत नाही, पण जिभेवर शितं मोकळी होतात. या दुकानातला भात किंचित तांबूस होता, साकेच्या चोथ्यापासून केलेल्या लाल व्हिनेगरमुळे. जन्मभर भात खाल्लेल्या बाईला हे आधी कळलं, माशाचं नंतर.

आई डावखुरी आहे. आम्ही कुणीच काही सांगितलं नव्हतं, पण दुसऱ्या तुकड्यापासून आचाऱ्याने सुशी तिच्या डाव्या हाताला सोयीची पडेल अशी तिरकी ठेवायला सुरुवात केली. समोर बसून खाण्याचे पैसे कशाचे, ते मला तिथे कळलं.

मग व्हिनेगरमध्ये मुरवलेला कोहादा हा छोटा मासा, लाल मागुरो म्हणजे ट्यूना, त्याचाच चरबीदार भाग चुतोरो, आणि शेवटी गोडसर रस लावलेला, शिजवलेला आनागो, म्हणजे समुद्री वाम. मधे मधे आल्याचं लोणचं खाऊन तोंड साफ करायचं. आईला कोहादा सगळ्यांत आवडला. मला आनागो.

गोड मात्र घरी, नवऱ्यासोबत तिघांनी खायचं होतं. दुपारीच मिझु-योकान, म्हणजे गोड पुरणाची गार, जेलीसारखी वडी करून ठेवलं होतं. त्याला लागतो कानतेन, म्हणजे आपला चायना ग्रास. तो समुद्रशेवाळाचा असतो, त्यामुळे शाकाहाऱ्यांनाही चालतो. 4 ग्रॅम कानतेनची पूड 500 मिली पाण्यात घालून ढवळत उकळायची, उकळी आल्यावर आणखी दोनेक मिनिटं मंद आचेवर ठेवायची. पूड पूर्ण विरघळली नाही तर योकान नीट धरत नाही. मग त्यात 400 ग्रॅम कोशिआन, म्हणजे अझुकी या बारीक लाल कडधान्याचं गोड, गाळलेलं पुरण, आणि चिमूटभर मीठ घालायचं.

यात खरी नजर ठेवायची ती पुढच्या पायरीवर. मिश्रण गरम असतानाच ओतलं तर पुरण तळाशी बसतं आणि वर नुसती पारदर्शक जेली उरते. पातेलं गार पाण्यात ठेवून, ते जरा दाटसर होईपर्यंत हलवत राहायचं आणि मगच साच्यात ओतायचं. कानतेन बाहेरच्या हवेतही धरतो, फ्रिज फक्त थंडाव्यासाठी. जपानात बहुतेक ठिकाणी हे उन्हाळ्याचं गोड, पण फुकुई प्रांतात ते हिवाळ्यात खातात.

आईने दोन वड्या खाल्ल्या आणि वेंगुर्ल्यात हे कसं करायचं ते लगेच विचारलं. तिथे अझुकीऐवजी लाल चवळी मऊ शिजवायची, पुरणयंत्रातून काढायची, साखर घालून आटवायची. बाजारच्या पट्ट्यांचा चायना ग्रास घेतलात तर तो आधी भिजवून, उकळून, गाळून घ्या. सोबत बिनसाखरेचा ग्रीन टी, आणि डब्यात झाकून ठेवलं तर दुसऱ्या दिवशीही छान लागतं.