आमची वाटचाल : वीज गेल्यावर काउंटर कुठे जातो

पंपाच्या कंट्रोलरमध्ये मावेल असं डीटीएलएसचं (नेटवर्कवरचे संदेश सुरक्षित ठेवणाऱ्या प्रोटोकॉलचं) हार्डवेअर करायला आम्ही भोसरीत बसलो, तेव्हा जो तो म्हणे, "त्यात काय, एईएसचा कोर तर फुकट मिळतो." मिळतो ना. कोर, म्हणजे एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीचं तयार सर्किट, हाच या कामातला सगळ्यात सोपा भाग.

आमचा पहिला चालता बोर्ड आयसीई४० अल्ट्राप्लस या छोट्या एफपीजीएवर (हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपवर) : ५,२८० लॉजिक सेल, ३० ब्लॉक रॅम. रेकॉर्ड लेयर (प्रत्येक पॅकेट एन्क्रिप्ट करणारा थर) हार्डवेअरमध्ये, पीएसके हँडशेक (आधीच दिलेल्या गुप्त कीवरून दर जोडणीला नवी की ठरवणं) शेजारच्या छोट्या प्रोसेसरवर. मोड (एईएस वापरायची रीत) सीसीएम, कारण त्यात एईएस फक्त एन्क्रिप्टच्या दिशेने लागतं. डिक्रिप्टचं सर्किट बसवावंच लागत नाही. डेटापाथ ८ बिटांचा, एस-बॉक्स (एका बाइटच्या जागी दुसरा देणारा एईएसचा तक्ता) एकच. तो २५६ बाइटचा, ४ किलोबिटच्या ब्लॉक रॅमची निम्मी जागा घेतो. चिपवरच्या मोठ्या एसपीरॅममध्ये टाकायला जाऊ नका, ती बिटस्ट्रीममधून (चिपमध्ये सर्किट भरणाऱ्या फाइलमधून) भरता येत नाही. शिवाय ब्लॉक रॅमचं उत्तर एक क्लॉक उशिरा येतं. स्टेट मशीनमध्ये तो क्लॉक धरला नाही, तर पहिल्याच राउंडला निकाल बिघडतो आणि माणूस उगाच की शेड्यूल (प्रत्येक राउंडची की काढणारा भाग) तपासत बसतो.

मग बाजारात एक स्पर्धक आला. निम्मा भाव, वर "एईएस-२५६ जीसीएम" असं ठळक छापलेलं. जीसीएम हा सीसीएमसारखाच दुसरा मोड. पण आमची की १२८ बिटांची, त्यांची २५६. तुलना तिथेच संपली आणि एक सोडून सगळे ग्राहक गेले. कंपनीला कुलूप लागायचंच बाकी होतं. त्या स्वस्ताईचं गुपित : हँडशेक काढून टाकलेला, की कायमची, नॉन्सचा (दर पॅकेटला एकदाच वापरायच्या आकड्याचा) काउंटर साध्या रजिस्टरमध्ये. शेतीच्या फीडरवर वीज किती वेळा जाते हे आपल्याकडे सांगायला नको. वीज आली की काउंटर शून्यावर. तीच की, तेच नॉन्स. अशी दोन पॅकेटं एक्सॉर केली (बिटाला बिट लावून फरक काढला) की दोन मजकुरांचा एक्सॉर हातात येतो. जीसीएममध्ये तर टॅगची (पॅकेट अस्सल असल्याच्या शिक्क्याची) हॅश कीही काढता येते. मग "पंप चालू" हा हुकूम खऱ्या टॅगसह कुणीही पाठवावा. तिथे २५६ बिट काय कामाचे?

राहिले ते कंट्रोलर बनवणारे एक काका. त्यांनी भावात घासाघीस केली नाही. दोन्ही बोर्डांची वीज पुन्हापुन्हा तोडली आणि पॅकेटांतले नॉन्स शेजारी शेजारी मांडून पाहिले. पुढे आमचे पगार त्यांच्याच ऑर्डरीवर निघाले.

हँडशेक परवडतच नसेल, तर निदान एवढं करा. काउंटर दर पॅकेटला फ्लॅशवर लिहू नका, फ्लॅश झिजते. १,०२४ पुढचा आकडा आधी लिहून ठेवा, मग त्याच्या अलीकडचेच नॉन्स वापरा. वीज आली की लिहिलेल्या आकड्यापासून सुरू. मधले वाया गेले तर जाऊ द्या. लिहिता लिहिताच वीज जाते, म्हणून दोन पानं आलटूनपालटून वापरा, दोन्हींवर सीआरसी (अर्धवट लिहिलेलं ओळखणारा तपासणीचा आकडा).

आता सगळे छोट्या उपकरणांसाठीचा सायफर अ‍ॅस्कॉन मागतात. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेने २०२३ मध्ये निवडलेला, ३२० बिटांची स्टेट, ५ बिटांचा एस-बॉक्स. पॉवर अ‍ॅनालिसिसविरुद्ध (विजेच्या वापरावरून की ओळखण्याविरुद्ध) मास्किंग (आतले आकडे झाकणं) करायला एईएसपेक्षा पुष्कळ सोपा. घ्या जरूर. पण नॉन्स पुन्हा वापरायचा नाही ही अट तिथेही आहेच. कोटेशन मागवाल तेव्हा वीज तोडल्यावर काउंटर कुठून सुरू होतो ते लेखी घ्या, आमच्याकडूनसुद्धा.